सकलातवालांचं चरित्र लिहिणाऱ्या मुलीला पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. शापूरजी सकलातवालांचं छोटं चरित्र मराठीत लिहायचं मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. आराखडा वाचला. पहिलं प्रकरण टाटांच्या, म्हणजे त्यांच्या मामांच्या, घरातलं बालपण, दुसरं कम्युनिस्ट पक्ष, तिसरं तुरुंग, चौथं गांधीजींशी झालेला वाद. यात चुकीचं काही नाही, पण एका प्रश्नाला कुठेच जागा मिळालेली नाही. मुंबईत जन्मलेल्या, ब्रिटिश साम्राज्य मोडा असं उघड सांगणाऱ्या या पारशी माणसाला १९२२ साली लंडनमधल्या ११,३११ मतदारांनी आपला खासदार म्हणून का निवडलं? याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीची प्रकरणं म्हणजे नुसत्या चमत्कारिक घटनांची माळ होते. म्हणून पहिलं प्रकरण मुंबईचं ठेवू नकोस, बॅटर्सीचं ठेव.

बॅटर्सी थेम्स नदीच्या दक्षिण काठावर आहे. त्या काळी तिथे रेल्वेची यार्डं, गॅसचा कारखाना, मेणबत्त्यांचा कारखाना आणि कपडे धुण्याचे धंदे होते, आणि या सगळ्यांत राबणाऱ्यांची दाट वस्ती होती. या वस्तीला राजकारणाची जुनी सवय होती. जॉन बर्न्स हा कामगार पुढारी १८९२ ते १९१८ इथला खासदार होता. बॅटर्सीच्या नगरपालिकेने कंत्राटदार टाळून स्वतःचे मजूर लावले आणि १९०३ मध्ये लॅचमियर वसाहत बांधली. तिथल्या एका रस्त्याला जूबर्टचं नाव आहे. जूबर्ट म्हणजे दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढलेला बोअर सेनापती. साम्राज्याच्या राजधानीतली नगरपालिका शत्रूच्या सेनापतीचं नाव रस्त्याला देते, हा तपशील पहिल्याच पानावर यायला हवा. शेजारच्या रस्त्यांची नावं फ्रीडम आणि रिफॉर्म अशी आहेत. १९१३ मध्ये याच नगरपालिकेने जॉन आर्चर या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराला महापौर केलं. १९१८ मध्ये इथे मजूर पक्षाच्या उमेदवार होत्या शार्लट डेस्पर्ड, स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या. त्या हरल्या, पण उमेदवारी त्यांना मिळाली होती. १९२२ मध्ये तिथल्या मजूर पक्षाने आणि कामगार संघटनांच्या मंडळाने सकलातवालांना, ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद असूनही, उभं केलं ते या परंपरेत. आर्चरच त्यांचे निवडणूक प्रतिनिधी होते. ही पार्श्वभूमी मांडलीस की वाचकाला सकलातवालांची निवड अपघात वाटणार नाही.

आता आकड्यांकडे ये. पाच निवडणुकांचा एक तक्ता कर आणि लिहिताना सतत समोर ठेव. निवडणुकीची तारीख, प्रत्येक उमेदवार, त्याने लावलेलं पक्षाचं नाव, मतं, टक्केवारी आणि मताधिक्य, असे सहा रकाने पुरे आहेत. टक्केवारी स्वतः काढ, छापील यादीतून उतरवू नकोस. बेरीज करताना छपाईच्या चुका हाती लागतात.

१५ नोव्हेंबर १९२२ ला सकलातवालांना ११,३११, हॉगबिन या राष्ट्रीय लिबरल उमेदवाराला ९,२९० आणि दुसऱ्या लिबरल उमेदवाराला १,७५६ मतं पडली. मताधिक्य २,०२१. डिसेंबर १९२३ मध्ये हॉगबिनला १२,५२७ आणि सकलातवालांना १२,३४१. पराभव अवघ्या १८६ मतांनी. ऑक्टोबर १९२४ मध्ये सकलातवालांना १५,०९६, हॉगबिनला १४,५५४. विजय ५४२ मतांनी.

हे आकडे वाचून 'जिंकले, लोकप्रियता घसरली, पुन्हा जिंकले' असं लिहिलंस तर ते खोटं ठरेल. टक्केवारी काढून बघ. १९२२ मध्ये ५०.६, १९२३ मध्ये ४९.६, १९२४ मध्ये ५०.९. तिन्ही वेळा जवळपास निम्मा मतदारसंघ त्यांच्या पाठीशी उभा आहे. हरले त्या वर्षी तर त्यांची मतं १,०३० ने वाढलेली आहेत. झालं असं की १९२२ मध्ये लॉइड जॉर्ज (हेच 'राष्ट्रीय लिबरल') आणि अॅस्क्विथ या दोन पुढाऱ्यांचे लिबरल गट वेगळे लढले, आणि १९२३ च्या नोव्हेंबरात मुक्त व्यापाराच्या प्रश्नावर ते एक झाले. हॉगबिनकडे एकट्याकडे सगळी विरोधी मतं गेली, शिवाय १,४८१ नवी मतं आली. १९२४ मध्ये हाच हॉगबिन हुजूर पक्षाच्या पाठिंब्याने 'कॉन्स्टिट्यूशनलिस्ट' म्हणून उभा राहिला. त्याच निवडणुकीत एपिंगमधून चर्चिलनेही तेच नाव घेतलं होतं. तक्त्यात पक्षाच्या नावाचा रकाना ठेवायला सांगितलं ते यासाठीच. तोच माणूस तीन निवडणुकांत तीन नावांनी येतो, आणि नुसतं 'लिबरल' लिहून पुढे गेलं की १९२४ ची लढत कळतच नाही.

१९२४ चा विजय मात्र नीट थांबून सांग. मतदान २९ ऑक्टोबरला होतं आणि २५ ऑक्टोबरला 'डेली मेल'ने झिनोव्हिएव्हचं, म्हणजे मॉस्कोतल्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या प्रमुखाचं, पत्र म्हणून एक कागद छापला. ब्रिटिश कम्युनिस्टांना मॉस्कोहून उठावाच्या सूचना आल्याचा तो कथित पुरावा होता, आणि आज इतिहासकार तो बनावट मानतात. देशभर मजूर पक्षाच्या जागा गेल्या. याच महिन्यात मजूर पक्षाच्या परिषदेने कम्युनिस्टांना आपले उमेदवार म्हणून उभं करायचं नाही असा ठराव केला होता, म्हणून सकलातवाला यावेळी कम्युनिस्ट म्हणूनच उभे होते. इतकं सगळं विरोधात असताना त्यांची मतं २,७५५ ने वाढली. हॉगबिनचीही २,०२७ ने वाढली, म्हणजे भीतीने दोन्ही बाजूंची माणसं घराबाहेर काढली. बॅटर्सीची शाखा वरच्या पक्षाचं न ऐकता त्यांच्यामागे उभी राहिली, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

तारखांचा हिशेब करताना आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. जानेवारी ते नोव्हेंबर १९२४ या काळात ब्रिटनमध्ये पहिलं मजूर सरकार होतं, आणि त्या सबंध काळात सकलातवाला सभागृहात नव्हते. डिसेंबर १९२३ ला हरले आणि सरकार पडल्यावर परतले. पहिल्या मजूर सरकारला त्यांनी सभागृहात जाब विचारला, असं कुठे वाचलंस तर ते वाक्य खोडून टाक. त्यांच्या खासदारकीचे दोन तुकडे आहेत, नोव्हेंबर १९२२ ते नोव्हेंबर १९२३ आणि ऑक्टोबर १९२४ ते मे १९२९. मिळून साडेपाच वर्षं. कालपट्टीत हे दोन तुकडे रंगवून ठेव, आणि कुठलीही घटना लिहिताना तेव्हा ते खासदार होते की नव्हते ते आधी बघ.

यानंतर हॅन्सार्ड, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तांत. १९०९ पासून सभागृहाचे स्वतःचे लघुलेखक तो लिहू लागले, म्हणून या काळापुरता तो जवळजवळ शब्दशः आहे. मात्र व्याकरण दुरुस्त केलेलं असतं, अडखळणं गाळलेलं असतं. तोंडी प्रश्न, पुरवणी प्रश्न, लेखी उत्तरं आणि चर्चेतली भाषणं हे चार वेगळे प्रकार आहेत, त्यांची सरमिसळ करू नकोस. लेखी उत्तर म्हणजे खासदार त्या दिवशी उठून बोलला असं नव्हे. टिपण करताना खंड, तारीख आणि रकान्याचा क्रमांक, तिन्ही लिही. पान क्रमांक उपयोगाचा नाही, कारण हॅन्सार्डमध्ये मोजणी पानांची नसून रकान्यांची असते. शोधताना आडनावाची निदान तीन स्पेलिंगं चालवून पाहा. इंग्रजी कागदपत्रांत शेवटच्या अक्षरांच्या आधी कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी दोन एल असतात, आणि एकाच स्पेलिंगवर भरवसा ठेवला की बरंच निसटतं.

भारताविषयीच्या त्यांच्या प्रश्नांना बहुतेक वेळा अर्ल विंटर्टन उत्तर देताना दिसतील. हे का, ते वाचकाला सांग. सकलातवाला खासदार होते त्या काळात भारतमंत्री आधी लॉर्ड पील, मग लॉर्ड बर्कनहेड आणि शेवटी पुन्हा पील होते. दोघेही उमरावांच्या सभागृहात, त्यामुळे लोकप्रतिनिधींच्या सभागृहात उपमंत्री, म्हणजे विंटर्टन, उत्तर देत. विंटर्टन स्वतः अर्ल असूनही खाली बसू शकत होते, कारण त्यांची पदवी आयर्लंडची होती. एवढा खुलासा केलास की 'भारतमंत्र्यांनी सकलातवालांना उत्तर दिलं' ही पुष्कळ लेखांत येणारी चूक टळेल. खुर्चीत बसलेल्या सभापतींचंही नाव लक्षात ठेव, जॉन हेन्री व्हिटली. १९२९ मध्ये भारतातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचे अध्यक्ष हेच झाले, आणि त्या आयोगावर आपले ना. म. जोशी सदस्य होते.

भाषणं वाचताना एक विचार पुन्हा पुन्हा येईल, तो पकड. सकलातवाला ब्रिटिश कामगाराला दया दाखवायला सांगत नव्हते. मुंबईच्या गिरणीत आणि कलकत्त्याच्या तागाच्या कारखान्यात मजुरी पडलेली राहिली, तर लँकेशायरच्या कापडगिरण्यांतली आणि डंडीच्या ताग कारखान्यांतली मजुरीही टिकणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्या महायुद्धाच्या काळातच त्यांनी वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया या संस्थेतून हे मांडायला सुरुवात केली होती. बॅटर्सीच्या कामगाराला भारताचा प्रश्न आपला वाटावा यासाठीचा हा दुवा होता. खासदार म्हणून त्यांची खरी कामगिरी इथे आहे, असं माझं मत आहे. भारताचा प्रश्न त्यांनी इंग्रज मजुराच्या पगाराच्या पाकिटाशी बांधला.

पण एकटा खासदार काय करू शकतो, याचाही अंदाज दे. १९२४ नंतर ते सभागृहातले एकमेव कम्युनिस्ट. मागे गट नाही, प्रतोद नाही, कुणाशी देवघेव करायला मतं नाहीत. त्यांच्या हातात प्रश्न विचारणं, चर्चेत बोलणं आणि विरोधात मत नोंदवणं एवढंच होतं. १९२२ च्या अखेरीस आयरिश फ्री स्टेटच्या घटनेचं विधेयक आलं तेव्हा ते विरोधात बोलले. १९२७ मध्ये सायमन आयोगाचा प्रश्न आला तेव्हाही विरोधात. त्या आयोगाच्या सात सदस्यांत एकही भारतीय नव्हता, आणि मजूर पक्षाने आपले अॅटली आणि हार्टशॉर्न हे दोन खासदार त्यावर दिले होते, म्हणून मजूर पक्षाशीही त्यांचा तिथे उघड सामना होता. निकाल बदलले नाहीत. ते बदलल्यासारखं लिहू नकोस, आणि व्यर्थ गेलं असंही लिहू नकोस. ती भाषणं छापली गेली, भारतातल्या वर्तमानपत्रांत आली आणि वाचली गेली.

पोटापाण्याचा हिशेबही मांड. खासदाराला १९११ पासून वर्षाला ४०० पौंड मिळत. सकलातवाला टाटांच्या लंडन कचेरीत नोकरीला होते, ती नोकरी १९२५ मध्ये सुटली. घरात पत्नी सॅली आणि पाच मुलं. या ओळीने त्यांच्या निवडीची किंमत वाचकाला कळते, विशेषणांची गरज पडत नाही.

१९२६ च्या तुरुंगवासात तारखांचा घोळ फार होतो. त्यांचं भाषण १ मे रोजी हाइड पार्कमध्ये झालं. सार्वत्रिक संप ३ मेच्या मध्यरात्री सुरू झाला. अटक ४ मेला झाली. म्हणजे संपात भाषण केलं म्हणून अटक, हे वाक्य चूक आहे. सैनिकांनी आपल्याच कामगार भावांवर गोळ्या झाडू नयेत, असं आवाहन त्या भाषणात होतं. बो स्ट्रीटच्या न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली, ती त्यांनी नाकारली, म्हणून दोन महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात भोगली. हमी दिली असती तर ते सुटले असते. वाचकाला हा टप्पा दिसला पाहिजे, कारण निर्णय त्यांचा होता. खासदारकी मात्र गेली नाही. आदल्या वर्षी वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरसंसदीय परिषदेला ब्रिटिश प्रतिनिधी म्हणून जायचं होतं, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी त्यांचा व्हिसा रद्द केला होता. व्हिसाची ही घटना एका परिच्छेदात संपव, त्यात आणखी खोदण्यासारखं थोडं आहे.

१९२७ चा भारतदौरा मात्र सविस्तर हवा. जानेवारीच्या मध्यात ते मुंबईला उतरले आणि एप्रिलपर्यंत देशभर फिरले. इथे मराठी लेखिका म्हणून तुझ्या हाती असं काही आहे जे लंडनमध्ये बसून लिहिणाऱ्यांना सहज मिळत नाही. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे त्या महिन्यांचे अंक, त्या वेळची मराठी वर्तमानपत्रं, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारातल्या गृहखात्याच्या फायली. जानेवारी ते एप्रिल असे चार महिने ओळीने वाच, फक्त त्यांच्या नावाच्या बातम्या काढू नकोस. त्याच फेब्रुवारीत मुंबईत कामकरी-शेतकरी पक्ष उभा राहिला, गिरण्यांमधली अस्वस्थता वाढत होती आणि पुढल्या वर्षी मोठा संप झाला. या ओघात त्यांची भाषणं कशी ऐकली गेली असतील, ते आजूबाजूच्या बातम्यांतूनच कळेल. एकाच सभेच्या दोन बातम्या जुळल्या नाहीत तर दोन्ही नोंदव आणि कोणती का ग्राह्य मानलीस ते सांग. गर्दीचे आकडे कुठल्याच बातमीतून उचलू नकोस.

गांधीजींशी झालेला पत्रव्यवहार पूर्ण वाच, उतारे वाचून लिहू नकोस. मार्च १९२७ मध्ये सकलातवालांनी गांधीजींना उघड पत्र लिहिलं आणि १७ मार्चच्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी 'नाही आणि होय' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली उत्तर दिलं. चरख्यापेक्षा कामगार आणि शेतकरी संघटित करा, असा सकलातवालांचा आग्रह होता. लोकांनी पाया पडणं थांबवा, 'महात्मा' म्हणवून घेणं थांबवा, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं. गांधीजींचं उत्तर शांत आहे आणि त्यात त्यांनी सकलातवालांचा प्रामाणिकपणा मान्य केला आहे. तुझ्या आराखड्यात या प्रकरणाचं नाव 'संघर्ष' आहे. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचल्यावर ते नाव राहील असं मला वाटत नाही. भांडण साधनांचं आहे, आणि दोघेही एकमेकांना गंभीरपणे घेतात.

दौऱ्यानंतर त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांच्या पासपोर्टवरची भारतासाठीची परवानगी काढून घेतली. ब्रिटिश संसदेचा निवडून आलेला सदस्य ब्रिटिशांच्याच ताब्यातल्या देशात, म्हणजे आपल्या जन्मगावी, जाऊ शकत नव्हता. १९२९ मध्ये मजूर सरकार आलं, तरी ती बंदी उठली नाही. पुन्हा मुंबई त्यांना दिसली नाही.

१९२७ च्याच जुलैमध्ये लंडनच्या कॅक्सटन हॉलमध्ये त्यांनी आपल्या पाचही मुलांचा नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षेचा विधी, केला. कम्युनिस्ट पक्षाने याबद्दल त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवला. बहुतेक लेखक हा प्रसंग विसंगती म्हणून दोन ओळींत उडवून लावतात. तू तसं करू नकोस. आधी १९०८ चा पेटिट विरुद्ध जीजीभाई हा मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा वाच. न्या. दावर आणि न्या. बीमन यांच्या त्या निकालात, पारशी पित्याची परजातीय पत्नीपासून झालेली मुलं रीतसर धर्मात घेतली गेली तर ती पारशी समाजाची मानली गेली. त्या खटल्यामागे र. दा. टाटांच्या फ्रेंच पत्नीचा प्रश्न होता, म्हणजे वाद सकलातवालांच्या नातेवाइकांच्याच घरातला. सॅली मार्श इंग्रज होत्या, कामगार घरातल्या. मुलांचा नवजोत झाला नाही तर ती पित्याच्या समाजाबाहेर राहणार होती. हे समजलं की नवजोत म्हणजे धार्मिक भाबडेपणा, असं सहज म्हणवत नाही. पक्षाने ठपका ठेवला आणि ते पक्षातच राहिले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

आता १९२९. इथे आकडे पुन्हा फसवतात. मजूर पक्षाचे स्टीफन सँडर्स १३,२६५, हुजूर पक्षाचे मार्सडन १०,८३३, सकलातवाला ६,५५४ आणि लिबरल ब्रोगन ४,५१३. एकूण मतं ३५,१६५ झाली, कारण १९२८ च्या कायद्याने २१ वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांना मत मिळालं होतं. त्याआधी वयाची अट ३० होती. म्हणून १९२४ ची मतसंख्या आणि १९२९ ची मतसंख्या थेट शेजारी ठेवायची नाही, टक्केवारीच ठेवायची. ती ५०.९ वरून १८.६ वर आली. पण सँडर्स आणि सकलातवाला यांची मतं मिळवलीस तर ५६ टक्क्यांच्या वर जातात. मतदारसंघ डावीकडून हललेला नाही. तिथली संघटना फुटली आहे. कम्युनिस्टांना बाहेर काढायला नकार दिला म्हणून १९२६ मध्ये राष्ट्रीय मजूर पक्षाने बॅटर्सीची शाखा आपल्यातून काढली आणि नवी शाखा उभी केली. आर्चर नव्या शाखेकडे गेले आणि १९२९ ला सँडर्सचं काम त्यांनी पाहिलं. दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट पक्षानेही मजूर पक्षाला शत्रू मानण्याचं नवं धोरण घेतलं होतं. सकलातवालांना बॅटर्सीत जिंकवणारी गोष्ट म्हणजे दोन्ही पक्षांच्या माणसांनी एकत्र काम करणं, आणि दोन्हीकडच्या वरिष्ठांनी ती गोष्ट मोडली. तुझ्या पुस्तकाचा खरा उतार इथे आहे. १९३१ मध्ये ३,०२१ मतं, म्हणजे ९ टक्के.

अनामत रकमेचा नियम एका वाक्यात सांग. १९१८ पासून उमेदवाराला १५० पौंड भरावे लागत आणि एक अष्टमांशाहून अधिक मतं न मिळाल्यास ते जप्त होत. १९२९ ला सकलातवालांची रक्कम वाचली, १९३१ ला वाचली नाही.

साधनांबद्दल थोडं. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एमआय फाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर संस्थेच्या त्यांच्यावरच्या फायली केव्ही २ या मालिकेत आहेत. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, त्यातली एल-पीजे-१२ ही मालिका गुप्तवार्ता विभागाची. कम्युनिस्ट पक्षाचं दप्तर मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये, आणि स्थानिक कागद बॅटर्सीच्या ग्रंथालयात. 'साउथ वेस्टर्न स्टार' हे तिथलं स्थानिक वर्तमानपत्र लंडनच्या मोठ्या पत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. पोलिसी कागद वाचताना लघुलेखकाने उतरवलेलं भाषण आणि खबऱ्याने सांगितलेला सारांश यांत फरक कर. पहिल्यावर विसंबता येतं. दुसऱ्याला दुसरीकडून आधार मिळेपर्यंत मजकुरात घेऊ नकोस. सकलातवालांच्या मुलीने लिहिलेलं त्यांचं चरित्र घरातल्या गोष्टींसाठी अमोल आहे, पण पक्षांतर्गत वादांसाठी ते एकटं पुरणार नाही.

काही ठरलेल्या चुका. ते पहिले भारतीय खासदार नव्हेत. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लिबरल पक्षाकडून, मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये हुजूर पक्षाकडून आणि मग सकलातवाला, असा पारशी खासदारांचा क्रम आहे. त्यांच्याही आधी १८४१ मध्ये मिश्र वंशाचे डाइस सोंब्र निवडून आले होते आणि पुढल्याच वर्षी त्यांची निवड रद्द झाली. सकलातवाला पहिले कम्युनिस्ट खासदारही नव्हेत. १९२२ ला ते मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार होते, त्याच निवडणुकीत मदरवेलहून न्यूबोल्ड कम्युनिस्ट म्हणून आले, आणि त्यापूर्वी मलोन हे खासदार निवडून आल्यावर पक्षात गेले होते. आई जेरबाई या जमशेटजी टाटांच्या बहीण, म्हणून ते भाचे. काही मराठी लेखांत पुतण्या म्हटलंय. आणि १९३२ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष झालेले सर नौरोजी सकलातवाला हे वेगळे गृहस्थ. छायाचित्रं घेताना हा घोटाळा हमखास होतो.

मुंबईचं आणि टाटांचं प्रकरण गाळायचं नाही, फक्त ते बॅटर्सीनंतर येऊ दे. त्यात चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जागा दे. १९०४ मध्ये अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड, दोराबजी टाटा आणि तिशीतले सकलातवाला लोखंडाच्या शोधात चांदा जिल्ह्यात फिरले. लोहाऱ्याचं खनिज चांगलं होतं, पण वरोऱ्याच्या कोळशाचा पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक होत नव्हता, म्हणून पोलादाचा कारखाना तिथे झाला नाही. विदर्भातल्या वाचकाला हे ठाऊक नसतं. प्रकृती बिघडल्यावर १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले, डर्बीशायरमधल्या मॅटलॉकच्या आरोग्यधामात सॅली भेटल्या, १९०७ मध्ये लग्न झालं. बालपणाबद्दल हाताशी थोडं आहे, ते थोडंच राहू दे.

शेवटची वर्षं लांबवू नकोस. १९३४ मध्ये सोव्हिएत मध्य आशियाचा प्रवास, हृदयविकार, आणि १६ जानेवारी १९३६ ला लंडनमध्ये निधन. त्याच वर्षी सुरू झालेल्या स्पेनच्या यादवी युद्धात ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला त्यांचं नाव देण्यात आलं.

कामाचा क्रम असा धर. आधी तक्ता आणि कालपट्टी. मग हॅन्सार्डचे दोन कालखंड ओळीने. मग १९२७ ची मुंबईची वर्तमानपत्रं. परदेशातल्या दप्तरांना पत्रं याच काळात टाक, कारण प्रती यायला वेळ लागतो. पत्रात फाइलचा पूर्ण क्रमांक आणि हवी असलेली पानं लिही, नुसतं 'सकलातवालांविषयी सर्व' लिहिलंस तर उत्तरादाखल यादी येईल, कागद येणार नाहीत. लेखन या सगळ्यानंतर. बॅटर्सीचं प्रकरण झालं की तक्त्यासह पाठव, बेरजा मीही करून पाहीन.

कळावे, लोभ असावा.